आमदारांनी विधानसभेत घरकुल, कालवा आणि निराधार पेन्शनवर आवाज उठवला, तर गावात खरंच काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रोह्याकडचे. अधिवेशनात तुमच्या आमदारांनी एका दमात रखडलेली घरकुलं, कोरडा कालवा आणि निराधारांचं अनुदान असं सगळं मांडलं. मंत्री म्हणाले, 'सकारात्मक विचार करू'. क्लिप गावभर फिरली आणि कालव्यात मात्र गवतच आहे. मग हे विचारणं म्हणजे नुसता देखावा का?

फरक पडतो, पण तो क्लिपने पडत नाही. मी रायगड जिल्ह्यात पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात लिपिक होतो, आता निवृत्त आहे. विधानसभेतले प्रश्न आमच्या टेबलावर यायचे आणि त्यांची उत्तरं तिथूनच वर जायची. त्यामुळे कोणत्या प्रश्नाने खातं हलतं आणि कोणत्या प्रश्नाने फक्त कागद हलतो, ते जवळून पाहिलं आहे.

तुमच्या आमदारांनी केलं ते बहुधा मागण्यांवरच्या, म्हणजे खात्यांच्या खर्चाच्या मंजुरीवरच्या, चर्चेतलं भाषण. त्यात पाच मिनिटांत पंधरा विषय येतात आणि शेवटी मंत्री सगळ्यांना मिळून एक उत्तर देतात. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे आमदाराने आधी लेखी देऊन सभागृहात उत्तर मागितलेल्या प्रश्नाचं, तसं नाही. त्याचा साचा ठरलेला असतो: 'अमुक गोष्ट घडली हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' प्रत्येक कलमाला छापील उत्तर द्यावंच लागतं. शिवाय तासाभराच्या प्रश्नोत्तरात त्या प्रश्नाची पाळी आली, तर सभागृहात कोणीही सदस्य उपप्रश्न विचारू शकतो, आणि मंत्र्यांना खरी धास्ती उपप्रश्नाचीच असते. पाळी आली नाही तरी छापील उत्तर राहतंच, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येतं.

आता हा प्रश्न खाली कसा उतरतो ते सांगतो. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडून मुख्य अभियंता, तिथून अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, मग आमचा उपविभाग, आणि शेवटी शाखा अभियंता व कालवा निरीक्षक. कागदावर वर ठळक लिहिलेलं असतं: विधानसभा प्रश्न, सर्वोच्च प्राधान्य. माहिती हवी असते आजच, चारच्या आत. पूर्वी फॅक्स यायचा, नंतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो यायला लागला. एरवी महिनोन्महिने जीप न जाणाऱ्या ठिकाणी त्या दिवशी जीप जाते. ग्रामपंचायतीचा अर्ज आवक नोंदवहीत पडून राहू शकतो, हा कागद राहू शकत नाही.

पण प्रश्न मोघम असेल तर जीपही जात नाही. 'रोहा तालुक्यातील कालव्यांची दुरवस्था झाली आहे हे खरे आहे काय?' या प्रश्नाचं उत्तर कोणताही जुना लिपिक चहा निवायच्या आत लिहून देईल: 'हे अंशतः खरे आहे. निधीच्या उपलब्धतेनुसार दुरुस्तीची कामे टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात येतात.' यातलं एक अक्षरही खोटं नाही. पुढच्या कलमाला 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिलं की झालं.

आता हाच प्रश्न असा आला तर बघा: अमुक कालव्याच्या साखळी क्रमांक (कालव्याच्या लांबीवरचं मोजमाप) इतके ते इतके या भागातलं अस्तरीकरण शेवटचं कधी झालं, खर्च किती, ठेकेदाराच्या दोषदायित्वाची, म्हणजे कामातला दोष त्यानेच दुरुस्त करण्याची, मुदत कधी संपली, आणि शेवटच्या विमोचकापर्यंत (शेतात पाणी सोडायच्या दारापर्यंत) गेल्या उन्हाळी हंगामात किती आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, पोहोचली? इथे 'अंशतः' लिहायला जागा उरत नाही. साखळी लिहिली की तिथे माणूस पाठवावाच लागतो, कारण चुकीची माहिती वर गेली आणि उपप्रश्नात उघडी पडली तर खालच्या माणसावर शेकते. अशा प्रश्नानंतर उत्तर सभागृहात पोहोचायच्या आधीच जेसीबी कालव्यावर पोहोचलेला मी पाहिला आहे. त्यामुळे उत्तरात 'गाळ काढण्याचे काम प्रगतीपथावर आहे' असं लिहिता येतं. तुम्हाला काय, गाळ निघाल्याशी मतलब.

तुमच्याकडच्या कालव्याचं आणखी एक कोडं आहे. पाणी मुळशीचं. टाटांच्या भिऱ्याच्या वीज केंद्रातून सुटलेलं ते पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यात अडवतात आणि तिथून कालव्यांना देतात. म्हणजे वीज केंद्र, पाटबंधारे आणि औद्योगिक वसाहत, तिघांचे हात त्या एका पाण्यात. कोणत्या महिन्यात कोणाला किती पाणी दिलं, हे आकडे मागितले तर चर्चा कालव्याच्या गवतावरून पाण्याच्या वाटपावर येते. पेणच्या हेटवणे धरणाचंही तेच दुखणं. पाणी सिडकोच्या नळाला नवी मुंबईत जातं आणि त्याच तालुक्यातला खारेपाट, म्हणजे खाडीकाठचा भाग, उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतो. तळकोकणात तिलारी तर दोन राज्यांची: १९९०च्या करारानुसार खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा, २६.७० टक्के आपला. तिथला कालवा फुटला की जाब मुंबईतही विचारायचा आणि पणजीतही.

गळतीचा नुसता अर्ज देऊन थांबू नका, एवढं मात्र आवर्जून सांगेन. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. नंतर जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकडे कोकणातल्या प्रत्येक बांधात असतात, हो. म्हणूनच तर पाहणी करायची असते.

घरकुलाकडे वळतो. इथे आधी पाहायचं की विचारायचं कोणाला. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागाला १ लाख ३० हजार ही मूळ रक्कम केंद्राने ठरवली. ती वाढवायची तर खासदारांना धरा. राज्याने वरून दिलेले पैसे, रमाई आणि शबरी आवास, घरकुलासाठीची मोफत पाच ब्रास वाळू, हे आमदाराचं क्षेत्र. 'घरकुलं का रखडली?' असं विचारू नये. पहिला हप्ता मिळून दुसरा न मिळालेले तालुक्यात किती, आणि त्यातले जागेअभावी अडकलेले किती, हे विचारावं. आपल्याकडे खरी गाठ जागेची आहे. कातकरी वाड्या खाजगी नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या. आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेतून कातकऱ्यांना घरामागे २ लाख मंजूर होतात, पण घर बांधायचं कोणाच्या सातबाऱ्यावर? कोळीवाड्यांत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आडवा येतो. हा प्रश्न ग्रामविकास मंत्र्यांना विचारला तर ते महसूलकडे बोट दाखवतात, महसूलला विचारला तर वनाकडे. म्हणून तिन्ही खात्यांना वेगवेगळा प्रश्न टाकायला सांगा आणि तिन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. गंमत कळते.

निराधारांचं थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं २१ हजार रुपये राहिली. २०२४ साली लाडकी बहीण आली तेव्हा तिथे मर्यादा ठेवली अडीच लाख. महिन्याची रक्कम तेव्हा दोन्हीकडे सारखीच होती, १५०० रुपये. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून 'या फरकाची कारणे काय?' एवढंच विचारावं. भाषणाची गरजच नाही.

सभागृहात जिंकलं की काम संपत नाही, हे आपल्या महाडइतकं दुसऱ्या कोणत्या गावाला ठाऊक असेल? १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं कागदावर खुलं केलं. प्रत्यक्ष पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ला, बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर उतरले तेव्हा. आणि त्यांनीच १९३७ साली मांडलेलं खोती, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक त्या वेळी मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात 'चौकशी केली जाईल', 'कार्यवाही करू' म्हणाले, की ते आश्वासन म्हणून नोंदवता येतं आणि त्याचं पुढे काय झालं हे समिती खात्याला विचारू शकते. 'सकारात्मक विचार करू' यात धरायला काही सापडत नाही. म्हणून आमदारांना सांगा, उपप्रश्नात एकच मागा: तारीख.

आणि पुढच्या अधिवेशनाआधी गावाने एक काम स्वतः करा. पाणी मागणीचा नमुना ७चा अर्ज टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, प्रत्येक शेतकऱ्याने हंगामाआधी भरावा आणि पोच घ्यावी. कालव्यात पाणीच येत नाही तर अर्ज कशाला, म्हणून लोक भरत नाहीत. मग छापील उत्तरात एक ओळ येते, 'लाभधारकांकडून पाण्याची मागणी प्राप्त नाही', आणि तुमच्या आमदारांचा उपप्रश्न तिथेच बसतो. पोच हातात असेल तर ती ओळ लिहायची कोणाची हिंमत होत नाही.