तरुण-पृथ्वीवादी ख्रिस्ती लोकांच्या मते जीवाश्म कसे तयार झाले?

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या अध्यायांचा शब्दशः अर्थ घेऊन ते पृथ्वीचे वय सुमारे 6,000 वर्षे धरतात आणि बहुतेक जीवाश्म नोहाच्या काळातील वर्षभराच्या जलप्रलयात गाडले गेले, असे मानतात. या मताला आजचे रूप जॉन व्हिटकॉम्ब आणि हेन्री मॉरिस यांच्या 1961 च्या ग्रंथाने दिले. सागरी जीव खालच्या थरांत का, तर तळाशी राहणारे आधी गाडले गेले आणि पळू शकणारे प्राणी उंचावर जाऊन शेवटी बुडाले, असे त्यांचे उत्तर असते.

मी अमेरिकेतील सिनसिनाटीत राहतो. जवळच, केंटकीतील पीटर्सबर्ग येथे, 2007 पासून याच मताचे क्रिएशन म्युझियम आहे आणि या परिसरातील चुनखडक व शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) मात्र ऑर्डोव्हिशियन काळातील, म्हणजे सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आमचे शेजारी त्या मताचे आहेत. माणूस सज्जन, अडीनडीला धावून येणारा; पण आमचा वाद दरवेळी त्यांच्या एकाच प्रश्नापाशी अडतो: ‘तुम्ही तेव्हा तिथे होता का?’ शेवटी मी रस्त्याकडेच्या कापलेल्या टेकडीतून मिळालेला चुनखडकाचा एक तुकडा त्यांच्या हाती दिला. त्याच्या पृष्ठभागावर पेन्सिलीच्या टोकाएवढी, सरळ खाली गेलेली भोके आहेत आणि ती खडकातील ब्रॅकिओपॉडचे, म्हणजे शिंपल्यासारख्या सागरी प्राण्याचे, कवचही आरपार कापत गेली आहेत. म्हणजे प्राण्यांनी ती पोखरली तेव्हा सागरतळ घट्ट दगड झालेला होता. त्यावर ब्रायोझोआंची, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या इवल्या सागरी प्राण्यांची, वसाहत जागच्या जागी वाढलेली आहे आणि त्यानंतर कुठे चिखलाचा पुढचा थर बसलेला आहे. असे कठीण झालेले तळ इथे एकावर एक, वेगवेगळ्या थरांत सापडतात. त्यांनी तुकडा बराच वेळ न्याहाळला आणि देवाला काहीच अशक्य नाही, एवढेच म्हणाले.

ही श्रद्धा आहे आणि तिचा मला आदर आहे, परंतु तिला भूविज्ञान म्हणून मुलांना शिकवणे सर्वस्वी चूक आहे. अर्थात, जीव चांगला टिकण्यासाठी तो बहुधा लवकर गाडला जावा लागतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आणि सगळेच ख्रिस्ती असे मानत नाहीत, कॅथलिक चर्चला पृथ्वीच्या प्राचीनतेची अडचण वाटत नाही.

तुमचाही असा कोणाशी वाद असेल, तर किरणोत्सारी कालमापनापासून, म्हणजे खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढण्यापासून, सुरुवात करू नका. जो प्रलय डोंगराएवढा गाळ ओतत होता, तो दर थरागणिक तळाचा दगड होईपर्यंत, प्राणी तो पोखरेपर्यंत आणि वर वसाहत वाढेपर्यंत कसा थांबला, एवढेच विचारा.