पडद्यामागून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा चित्रपटाचं शिक्षण घेतोय. स्वतःच्या लहानपणावर त्याने पटकथा लिहिली आहे. त्यातली आई सतत ओरडते, चारचौघांत मुलाला मारते. मी असं कधीच केलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, "त्रुफोनेही हेच केलं, 'फोर हंड्रेड ब्लोज' बघ." मी हरकत घेऊ का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही म्हणता 'कधीच नाही', तो लिहितो 'सतत'. मी दोघांवरही विश्वास ठेवणार नाही!

पण त्रुफोचं नाव काढलंच आहे, तर चिरंजीवांना पुढचंही सांगा. १९५९ साली सत्तावीस वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला या पहिल्याच मोठ्या चित्रपटासाठी कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. जगाने डोक्यावर घेतलं आणि पॅरिसमधले त्याचे आईवडील दुखावले. घरातलं सगळं चव्हाट्यावर आलं होतं ना.

आता त्यात खरं किती? शाळा बुडवल्याचं कारण म्हणून चित्रपटातला मुलगा आंत्वान (म्हणजे लहानपणीचा त्रुफोच) मास्तरांना सांगतो, "आई वारली." खऱ्या त्रुफोने थाप मारली होती ती वडिलांना जर्मनांनी पकडून नेल्याची. ते महायुद्धाचे दिवस होते. चित्रपट घडतो १९५० नंतरच्या पॅरिसमध्ये. तिथे जर्मन आणायचे कुठून? थाप बदलावी लागली आणि बालंट आईवर आलं. त्यात राग नसेलच असं नाही, पण निम्मं काम पटकथेच्या गरजेनं केलं, असं मला वाटतं. तुमच्या मुलाच्या पटकथेतली चारचौघांतली थप्पडही अशीच कुठून तरी उचलून आणलेली असू शकते. त्याला विचारा, पण भांडणाच्या सुरात नको.

मी आयुष्यभर संकलनाच्या टेबलावर बसले. कितीतरी आया कापल्यात. लांबी कमी करायची म्हटली की दिग्दर्शक आधी आईच्याच दृश्यांवर बोट ठेवतो; तिचा ओरडा राहतो, बाकीचं जातं. त्रुफोने ते 'बाकीचं' ठेवलं. आंत्वानने आईला रस्त्यात परक्या पुरुषाचं चुंबन घेताना पाहिलंय आणि ते तिला कळलंय. पुढे तो एक रात्र बाहेर काढून येतो, तेव्हा ती त्याला न्हाऊ घालते, अंथरुणात निजवते आणि स्वतःच्या लहानपणाच्या गोष्टी सांगते : ती डायरी लिहायची, एका मेंढपाळाच्या पोराबरोबर पळूनही गेली होती. वर, निबंधात पहिल्या पाचांत आलास तर हजार फ्रँक देईन, असं आमिष. गप्प बसण्याची लाच आहे ती, धडधडीत. पण त्यात मायाही आहे, आणि कुठली किती ते कुणालाच सांगता येणार नाही. ते दृश्य काढलं असतं तर ती नुसती खाष्ट बाई उरली असती.

त्रुफोची आई १९६८मध्ये गेली. १९७९च्या 'लव्ह ऑन द रन'मध्ये मोठ्या झालेल्या आंत्वानला आईचा जुना प्रियकर भेटतो आणि तोच त्याला तिच्या कबरीपाशी नेतो. तुझ्या आईचं तुझ्यावर प्रेम होतं, हे मुलाला त्या परक्या माणसाकडून ऐकावं लागतं. दिग्दर्शक तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता.

तुम्ही वीस वर्षं थांबावं असं मी म्हणणार नाही. हरकतही घेऊ नका. फक्त एक दृश्य मागून घ्या, ज्यात आई स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलते. ते लिहायला त्याला तुमच्यापाशी येऊन बसावंच लागेल. त्या वेळी मात्र खरं सांगा, मेंढपाळ असला तरी.

प्रश्न : आंत्वानचे सगळे चित्रपट पाहायलाच हवेत का? क्रम कोणता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एकूण पाच आहेत आणि पाचांतही आंत्वान म्हणजे ज्याँ-पिएर लेओच. पहिल्या वेळी तो चौदा वर्षांचा होता. १९५९चा चुकवू नका. १९६२चा 'आंत्वान अँड कोलेत' जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. १९६८चा 'स्टोलन किसेस' सगळ्यांत खेळकर. १९७०चा 'बेड अँड बोर्ड' सवडीनं पाहा, मला तो थोडा सैल वाटतो. १९७९च्या चित्रपटात आधीच्या चौघांचे तुकडे भरपूर वापरलेत, म्हणून तो शेवटीच.