स्लो रोलनंतर (विमान स्वतःच्या लांबीभोवती सावकाश पूर्ण फिरवण्याची कसरत) सायटेब्रिया या छोट्या विमानाच्या पोटावर ऑइल का पसरतं?

बहुतेकदा ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा आणि वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून येतं. विमान उलटं होऊन ऋण जी (नेहमीच्या उलट दिशेचा भार) लागला की संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं ऑइल क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य कवचाच्या) वरच्या भागात जातं आणि काही ब्रीदरमधून बाहेर पडतं. पण माझ्या मते खरी काळजी सांडलेल्या ऑइलची नाही. त्याच वेळी पंपाला ऑइलऐवजी हवा मिळते आणि बेअरिंग कोरडी पडू शकतात. ऑइलचं प्रेशर पडताना दिसलं की थ्रॉटल मागे घ्या, विमान लगेच सरळ करा.

सुपर डेकॅथलॉन या कसरतीच्या विमानामध्ये उलट्या उड्डाणासाठी वेगळी ऑइल व्यवस्था असते: आत सरकणारी धातूची गोळी असलेला व्हॉल्व्ह पंपाला दोन्ही स्थितींत ऑइल देतो, सेपरेटर ब्रीदरकडचं ऑइल परत पाठवतो. तरी थोडं जातंच. दर उड्डाणाआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पाहा आणि पोट पुसून ठेवा, म्हणजे खरी गळती ओळखू येईल.