पहिली बाटली कोणती?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ३० वर्षं होतात. घरीच आठ जणांचं जेवण आहे. आमच्याकडे आजवर कुणी वाइन प्यायलेली नाही, यंदा एक बाटली आणायचं ठरतंय. मित्र म्हणतो, 'रेड आण, तीच खरी वाइन.' जेवणात कोथिंबीर वडी, चिकन रस्सा, पुलाव आणि श्रीखंड आहे. काय आणू?
– वाचक, कोथरूड

उत्तर : रेड सध्या राहू द्या. ती द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात, त्यामुळे सालींतलं टॅनिन तिच्यात उतरतं. फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तशीच इथेही होते. शिवाय अल्कोहोल तिखटाची जळजळ वाढवतं आणि बऱ्याचशा रेडमध्ये ते १३-१४ टक्के असतं. वर रस्सा! पहिल्याच घोटाला आई तोंड वाकडं करणार आणि बाटली तशीच ओट्यावर पडून राहणार.

नाशिककडची शेनिन ब्लाँ घ्या. पांढरी, फळांच्या वासाची. तिथल्याच सुला कंपनीची शेनिन ब्लाँ किंचित गोडसर असते आणि तेवढी गोडी तिखटाला उतारा म्हणून पुरते. वडीशी सोव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन जास्त जुळते, कारण तिलाही हिरव्या पाल्याचा वास असतो, पण नवख्या जिभेला ती आंबट वाटते. परदेशी बाटलीच्या मागे लागू नका. आयात शुल्कामुळे तेवढ्याच पैशांत तिथली साधीसुधी वाइन पदरात पडते.

दुकानात लेबलवरचं साल बघा. आपल्याकडे द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. अशी हलकी पांढरी वाइन मुरवून चांगली होत नाही, तेव्हा यंदाची किंवा गेल्या वर्षीची घ्या. पुण्यातल्या बहुतेक वाइन शॉपांत खरा खप व्हिस्की-बिअरचा. वाइन बिचारी दर्शनी फळीवर उन्हात उभी. ती बाटली नको. फ्रिजमधली किंवा आतल्या खोक्यातली मागा. बूच वर आलेलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला तर बाटली तापलेली आहे, परत द्या. घेतलेली बाटली गाडीच्या डिकीत ठेवून बाकीची खरेदी करत फिरू नका. आणि तो दिवस २ ऑक्टोबरसारखा ड्राय डे नाही ना, हे आधीच पाहा.

खरी फजिती होते ती तापमानामुळे. शेनिन ८ ते १० अंशांवर हवी. गरम झाली की तिची गोडी चिकट लागते आणि अल्कोहोल नाकात जातं. फ्रिजमध्ये तीन तास ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, २० ते २५ मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडावा नीट पोचू देत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बूच तरी ढकलते किंवा काच तरी फोडते.

७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात. पहिल्यांदा चाखायला ९० मिली पुष्कळ, म्हणजे आठ जणांना एक बाटली पुरते. ग्लास एक तृतीयांशच भरा, वास साठायला जागा लागते. वाइन वडीबरोबर काढा आणि श्रीखंड येण्याआधी संपवा. वाइनपेक्षा गोड पदार्थ खाल्ला की तीच वाइन पाणचट, आंबट लागते. मधुमेहाची किंवा झोपेची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गाडी चालवणाऱ्याला सरबत.

प्रश्न : साखरपुड्यात टोस्टसाठी स्पार्कलिंग वाइन आणली. उघडताना निम्मी पडद्यांवर उडाली, उरलेली सगळ्यांना आंबट लागली. बाटली खराब होती का?
– वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : बाटली बहुधा ठीक होती. लेबलवर 'ब्रूट' लिहिलं होतं का? ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. 'एक्स्ट्रा ड्राय' नावाला ड्राय, म्हणजे बिनगोड, पण ब्रूटपेक्षा गोड. नवख्यांसाठी 'डेमी सेक' मागा, तिच्यात ३२ ते ५० ग्रॅम असते.

उडाली ती हलल्यामुळे आणि पुरेशी गार नसल्यामुळे. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असू शकतो आणि गार वाइनच वायू धरून ठेवते. चार तास फ्रिजमध्ये ठेवा, सहा ते आठ अंशांवर काढा. वरचा कागद सोला. अंगठा बुचावर दाबून ठेवूनच तारेचे सहा अर्धे वेढे सोडवा. वर फडकं धरा, बाटली ४५ अंशांत तिरपी करा, माणसांकडे आणि ट्यूबलाइटकडे रोख नको. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. फस्स असा हलका आवाज आला की जमलं. 'ठॉप' आवाजासाठी हलवणं सिनेमातच बरं.

प्रश्न : उरलेली वाइन किती दिवस टिकते?
– वाचक, हडपसर

उत्तर : साधी वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन दिवस, रेडसुद्धा फ्रिजमध्येच. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी मवाळ होते, बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही उपयोग नाही. पांढरी आंबली तर मशरूम परतताना पाव वाटी घाला आणि ती आटेपर्यंत आच मोठी ठेवा.