वचन ‘इस्कटून’ सांगावं की त्याचं ‘विवरण’ करावं?

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. बायबल अभ्यासवर्गात त्यांनी “हे वचन जरा इस्कटून सांगतो” म्हटलं, तर पुण्याकडच्या पाहुण्यांनी हरकत घेतली. विस्कटणं म्हणजे बिघडवणं, पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) बाबतीत ‘भाष्य’ किंवा ‘टीका’ म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोण?

वाचकच. इठोबा, इचार, इख यांत ‘वि’चा ‘इ’ झाला तसाच तो ‘इस्कटणे’त झालाय. प्रमाण मराठीत केस विस्कटतात, घडी विस्कटते, म्हणून पाहुण्यांचे कान टवकारले. पण आपल्याकडे खळ्यावरचा ढीग इस्कटतात तो नासवायला नव्हे, आतलं ओलं वर यावं म्हणून. ‘इस्कटून सांग की’ यात ‘गोळा करून सांगू नकोस, सुटं करून दाखव’ अशी मागणी असते. वर्गात बोलताना हा शब्द खुशाल वापरा. अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांचं मिशन कोल्हापुरात १८५०च्या दशकात आलं, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती मंडळीत छापील शास्त्राची ग्रांथिक मराठी आणि घरची बोली शेजारीशेजारी नांदत आहेत.

पाहुण्यांनी सुचवलेले शब्दच जपून वापरायला हवेत. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची ‘टीका’, हा जुना अर्थ. आज “प्रेषित पौलाच्या पत्रावर टीका केली” असं छापलंत तर लोक पौलाची बाजू घेऊन भांडायला येतील. ‘भाष्य’ विद्वानाच्या ग्रंथाला शोभतं, ‘निरूपण’ला कीर्तनाचा पाट लागतो. चार माणसांच्या वर्गाच्या सूचनेत ‘विवरण’ लिहावं, ते पुरेसं आहे. हिंदीच्या प्रभावाने ‘वचनाची व्याख्या करतो’ असंही कानावर येतं, ते टाळा. मराठीत व्याख्या त्रिकोणाची करतात.

‘अर्थ लावणे’ आणि ‘अर्थ काढणे’ यांतही गल्लत नको. दोष काढतात, खोड काढतात, कुरापत काढतात. त्याच पंगतीत बसून ‘अर्थ काढणे’ला संशयाचा वास लागलाय. “तू भलताच अर्थ काढलास” हे आपण सहज म्हणतो. स्वतःच्या कामासाठी ‘अर्थ लावणे’ म्हणा.

पण माझ्या मते खरा घोटाळा क्रियापदात नाही, ‘म्हणजे’ या निरुपद्रवी शब्दात आहे. शब्दाचा अर्थ, वाक्याचा आशय आणि आपण बांधलेला निष्कर्ष, तिन्ही आपण ‘म्हणजे’ने जोडतो. ऐकणाऱ्याला शास्त्र कुठे संपलं आणि सांगणारा कुठे सुरू झाला, हे कळत नाही.

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचं ४:१३, म्हणजे चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन, घ्या. सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्वकाही करू शकतो, असा त्याचा आशय. “म्हणजे परीक्षेत, धंद्यात यश नक्की” असं लगेच जोडलं जातं. आधी १०व्या वचनापासून पुढे मोठ्याने वाचा. पौल बंदिवासातून लिहितोय, फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेल्या मदतीबद्दल बोलतोय. लगेच आधीच्या वचनात तृप्ती आणि भूक, विपुलता आणि टंचाई या जोड्या आहेत. ‘सर्वकाही’चा आवाका तिथे ठरतो: दोन्ही अवस्थांत टिकून राहणं. मग अन्वय करा, कर्ता, कर्म, क्रियापद सरळ गद्यात मांडा. कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी, हे सांगा. इथवर ‘म्हणजे’ चालेल. पुढे मात्र सांधा बदला: “यावरून मला असं वाटतं”, “आपल्याला हे असं लावता येईल”. ‘लिहिलंय’ हे क्रियापद फक्त छापलेल्या मजकुरासाठी राखून ठेवा.

एकच वचन उचलण्याची सवय आकड्यांमुळेही लागते. नव्या करारातले आज चालणारे वचनांचे आकडे लेखकांचे नाहीत. रोबेर एस्तियेन या मुद्रकाने ते १५५१ साली घातले. विचार मध्येच तुटलेला पुष्कळदा सापडतो. इफिसकरांस पत्रातलं २:८ हे ९व्याशिवाय वाचलं तर अर्धं वाक्यच हाती राहतं.

‘वचन’ शब्दही आपल्याला चकवतो, कारण मराठीत तो आश्वासनालाही चालतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ मधल्या हिताच्या संकल्पांचं ‘वचन’ थेट आपल्याला दिलंय असं वाटू लागतं. ते बंदी करून बाबेलात नेलेल्या यहुदी लोकांना उद्देशून आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. आजच्या ऐकणाऱ्याला त्यातून धीर द्यायला हरकत नाही, पण सत्तर वर्षं आधी सांगा. वर्गात दोन-तीन भाषांतरं हातात असतील तर कोणतं वाचताय तेही सुरुवातीलाच सांगा, नाहीतर अर्धा वेळ “माझ्यात असं नाही” यातच जातो.