त्सुकुमोगामीला ‘झपाटलेली वस्तू’ म्हणावे का?

जपानी लोककथा मराठीत आणताना ‘त्सुकुमोगामी’साठी, म्हणजे जुनी होऊन जिवंत झालेल्या वस्तूसाठी, ‘झपाटलेली वस्तू’ चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते चालणार नाही. ‘भूत’ तर मुळीच नको.

झपाटणारा नेहमी बाहेरचा असतो. मुंजा, हडळ, समंध ही मेलेली माणसे. ती कुणाला तरी धरतात. त्सुकुमोगामीत बाहेरून कुणीच येत नाही. छत्री, कंदील, गवती चप्पल, बिवा नावाचे तंतुवाद्य अशा वस्तूला शंभर वर्षे झाली की तिच्यातच जीव येतो. जपानच्या मुरोमाची काळातली (चौदावे ते सोळावे शतक) ‘त्सुकुमोगामी-की’ ही चित्रकथा सुरुवातीलाच हे सांगते, आणि अशा वस्तू माणसाच्या मनाला भुलवतात असेही म्हणते.

म्हणूनच कथेत वर्षाखेरीच्या साफसफाईत, ‘सुसुहाराई’त, जुनी अवजारे शंभरी भरण्याआधीच घराबाहेर टाकली जातात. इतकी वर्षे राबवून घेतले आणि आता रस्त्यावर फेकले, म्हणून ती चिडतात. त्यांच्यातली जपमाळ तेवढी त्यांना समजावू पाहते, तर तिलाच मार बसतो. पुढे सेत्सुबुनच्या, म्हणजे वसंत लागण्याच्या आदल्या रात्री ती रूप पालटतात आणि माणसांवर सूड उगवतात. शेवटी तीच जपमाळ त्यांना शिंगोन या बौद्ध पंथाच्या वाटेला लावते आणि त्यांना बुद्धत्व मिळते. सूड घेणाऱ्या भांड्याकुंड्यांनाही मोक्षाचा अधिकार आहे, हा या कथेचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. ‘झपाटलेली’ म्हटले की तो गाभाच जातो, कारण मग उतारा करायचा आणि मोकळे व्हायचे एवढेच उरते.

आता शब्दाच्या घडणीकडे वळू. ‘गामी’ पाहून मराठी वाचकाला ‘द्रुतगामी’ आठवेल, पण त्याचा इथे संबंध नाही. हा ‘कामी’ म्हणजे देव. समासात ‘क’चा ‘ग’ झाला. ‘कामी’चा दुसरा अर्थ केस. ‘त्सुकुमो’ म्हणजे नव्व्याण्णव. ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथा-कवितासंग्रहातल्या एका कवितेत म्हातारीच्या पांढऱ्या केसांना ‘शंभराला एक कमी’ असे म्हटले आहे. त्याचा उलगडा असा करतात: ‘शंभर’च्या चित्राक्षरातली वरची आडवी रेघ, म्हणजेच ‘एक’, काढली की ‘पांढरा’ हे अक्षर उरते. केस आणि देव यांचा उच्चार एकच, त्यामुळे वार्धक्य आणि दैवत एकाच शब्दात बसले.

नावात ‘देव’ असला तरी ‘वस्तुदेवता’ नको. त्याने पूजेचा भास होतो. लावलेल्या रोपाने जीव धरला असे आपण म्हणतो, तसे ‘जीव धरलेली वस्तू’ म्हणावे. बाहेरून कुणी शिरल्याचा अर्थ त्यात येत नाही आणि काळ लागल्याची जाणीव राहते. पहिल्या उल्लेखात ‘त्सुकुमोगामी, म्हणजे शंभरीला जीव धरलेली वस्तू’ असे लिहून पुढे मूळ शब्दच वापरावा. एक डोळा नि एक पाय असलेल्या छत्रीला मात्र ‘कासा-ओबाके’ हे तिचे स्वतःचे नाव आहे, तेच ठेवावे.