वाशिष्ठीतलं अवजल, तुमचा पंप आणि एप्रिल-मेचं गणित

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: खेर्डीच्या वरच्या अंगाला, वाशिष्ठीकाठी तिघा शेजाऱ्यांची मिळून पाच एकर जमीन आहे. त्यात केळी आणि थोडी भाजी करायची आहे. पंप ५ एचपीचा. फेब्रुवारीपर्यंत काही अडत नाही, एप्रिल लागला की भर दुपारी फुटव्हॉल्व्ह (नदीतल्या पाइपाच्या टोकाची झडप) उघडा पडतो. आणि कोयनेचं एवढं पाणी फुकट समुद्रात जातं, तर त्यातला आपला हिस्सा मागायचा कुणाकडे?

हिश्शाचं शेवटी बघू. आधी हे पाणी कोणाच्या तालावर चालतं ते लक्षात घ्या. उन्हाळ्यात वाशिष्ठीला स्वतःचं पाणी फार कमी. जे दिसतं ते बहुतेक शिवसागरातलं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातलं. पोफळीच्या वीजगृहांतून उतरलेलं पाणी कोळकेवाडी धरणात थांबतं, अलोऱ्याला तिसऱ्या टप्प्यात पुन्हा एकदा वीज देतं आणि मग कालव्याने नदीत येतं. वीज करून झालेलं हे पाणी म्हणजेच अवजल. यंत्रं कधी चालवायची ते ठरतं राज्यात विजेला मागणी किती आहे त्यावरून. १००० मेगावॅटचा चौथा टप्पा तर मुळात मागणीच्या तासांसाठीच बांधलेला. हल्ली दुपारी सौरवीज असते, म्हणून जलविद्युत संध्याकाळसाठी राखून ठेवणं परवडतं. म्हणजे ज्या वेळी तुमच्या केळीला ऊन सगळ्यात जास्त लागतं, नेमक्या त्याच वेळी नदी सुकलेली. यात कोणी तुमच्यावर डूख धरलेला नाही, ते विजेचं वेळापत्रक आहे.

दुसरं कारण वर्षाचं. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) कोयनेतून पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे आणि हे वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात. मर्यादा वर्षाची असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये उरलेला कोटा पुरवून पुरवून वापरावा लागतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी सांगली-साताऱ्याकडून टेंभू-ताकारी या उपसा सिंचन योजनांसाठी मागणी वाढते, ते पाणी धरणातून पूर्वेला सोडावं लागतं आणि इकडे आणखी हात आखडतो. तेव्हा चिपळूणला पाऊस कसा झाला यापेक्षा महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगरला किती झाला ते सप्टेंबरअखेर बघा. शिवसागर भरलं नसेल तर उन्हाळी भाजीचं क्षेत्र तेव्हाच कमी करा. मार्चमध्ये रोपं लावून झाल्यावर हळहळून उपयोग नाही.

आता आकडे. ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. वर्षभर सारखं वाटलं तर दिवसाला पाचशे कोटी लिटरच्या वर, म्हणजे अख्ख्या मुंबईच्या रोजच्या पुरवठ्यापेक्षा जास्त. अडचण प्रमाणाची नाहीच, तासांची आहे. म्हणून मी पंप मोठा करायला सांगणार नाही. कोरड्या पात्रात १० एचपी काय आणि ५ एचपी काय, दोन्ही हवाच ओढणार. पाणी येतं त्या तासांत ते धरून ठेवायची सोय करा.

नदीपासून तुमच्या शेतापर्यंतची उंची वीसेक मीटर धरली तर ५ एचपीचा पंप सेकंदाला ९-१० लिटर देईल. तीन तासांत झालं लाखभर लिटर. ठिबकवर केळीच्या झाडाला कडक उन्हाळ्यात रोज १५ ते २० लिटर लागतात, एकरी बाराशेच्या आसपास झाडं धरा, म्हणजे एकरी वीस-बावीस हजार लिटर. एका संध्याकाळच्या पाण्यात चार एकर केळी भागते. पाटपाण्याने द्यायला जाल तर तेच लाख लिटर एका एकरावर जेमतेम इंचभर उभं राहील. म्हणून ठिबक आधी, बाकी सगळं मागून.

साठ्यासाठी शेततळं करा, पण आपल्या जांभ्या जमिनीत प्लास्टिकच्या अस्तराशिवाय तळं करू नका. कातळ दिसायला टणक, आतून नुसती भोकं. एक दिवस यंत्रं बंद राहिली तरी झाडं तगावीत म्हणून तीन लाख लिटरचा आकार ठेवा. पंप ऑटो स्टार्टरवर टाकताना ड्राय रन संरक्षण (पाणी नसेल तर पंप आपोआप बंद करणारी सोय) हवंच, नाहीतर मोटार जळेल. त्याआधी आठवडाभर काठावर एक खूणपट्टी रोवून पाणी किती वाजता चढतं आणि किती वाजता उतरतं ते लिहून काढा. अलोऱ्याहून तुमच्यापर्यंत यायला लागणारा वेळ त्यातूनच कळेल, दुसऱ्या गावचा अंदाज चालणार नाही. मोटार पात्रात ठेवू नका आणि फुटव्हॉल्व्ह साफ करायला संध्याकाळी कुणाला उतरवू नका. पाणी वाढतं ते हळूहळू नाही.

परवानगीशिवाय उपसा करू नका. तिघांनी वेगवेगळे अर्ज करण्याऐवजी एकत्र करा, सातबारा, क्षेत्र आणि पीक हंगामवार लिहा, पाणीपट्टीची पावती जपून ठेवा. टंचाईत उपसाबंदीचा आदेश निघतो तेव्हा वीजजोडणी पहिल्यांदा तोडली जाते ती कागद नसलेल्याची. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे हे गृहीत धरूनच चाला. खाली चिपळूण शहराच्या जॅकवेल (पाणी उपसायच्या विहिरी) याच नदीत आहेत.

आणि आता तो हिस्सा. "फुकट समुद्रात जातं" हे वाक्य मला पटत नाही. अवजल कमी झालं की भरतीचं खारं पाणी गोवळकोटच्या बाजूने वर चढतं आणि शहराचं पाणी मचूळ होतं. दाभोळ खाडीत मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींचं पोटही याच गोड्या पाण्यावर आहे. हे पाणी मुंबईला न्यायची चर्चा कितीतरी वर्षं चालू आहे, तेव्हा आपणच ते फुकट चाललंय म्हणायला लागलो तर नेणाऱ्याचं काम सोपं होईल. मागायचंच तर टीएमसी मागू नका. एप्रिल-मेमध्ये दिवसातून अमुक तास तरी किमान विसर्ग ठेवा आणि यंत्रं बंद राहणार असतील तर आदल्या दिवशी कळवा, एवढंच मागा. काठच्या ग्रामपंचायतींचे ठराव आणि नगरपालिकेचं पत्र एकत्र गेलं तर त्याला वजन येतं, कारण शहराचीही गरज तीच आहे. अर्ज जलसंपदा विभागाकडे आणि महानिर्मितीकडे (वीज तयार करणारी सरकारी कंपनी), दोन्हीकडे द्या. एकाकडे दिलात तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

खूणपट्टीच्या नोंदी झाल्या की इथे टाका, म्हणजे तळ्याचा आकार नक्की करता येईल.